पुन्हा पुन्हा लागणारा लाल दिवा

मागच्या वेळी मी पापड-मसाल्याच्या पाकिटांवर लेबल कसं असावं, त्याबद्दल बोलले होते. त्यानंतर कल्याण पूर्वेतून, दिव्यातून आणि कळव्याच्या एका गटातून जवळजवळ एकच निरोप आला: "ताई, लेबल कळलं, पण प्रिंटरच बंद पडलाय. त्याचं काहीतरी बोला." म्हणून आज प्रिंटर.

झेरॉक्सच्या दुकानात असतो तो मोठा लेझर प्रिंटर नाही. आपण घरात टेबलावर ठेवतो तो, बाटलीतली शाई ओतायचा, रंगीत फोटो छापणारा. पासपोर्ट फोटो, बारशाची आमंत्रणं, हळदीकुंकवाच्या वाणावर चिकटवायची नावं, पाकिटांची लेबलं, सगळं त्याच्यावर निघतं. कागद संपला, झाकण उघडं राहिलं, शाई कमी झाली असे निरोप तो देतो, ते तुम्हाला आता पाठ झालेत. त्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतेय ते त्या दुखण्याबद्दल, जे बटण बंद-चालू केलं की जातं, दोन फोटो निघतात आणि पुन्हा दिवा लुकलुकायला लागतो. दुकानात नेलं तर तिथे नीट चालतं, घरी आणलं की थांबतं. किंवा दुकानदार झाकणही न उघडता म्हणतो, "हेड गेलंय."

जुलै २०२४ आठवतोय ना? २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना १५०० रुपये, आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि फोटो. कोळसेवाडीतल्या आमच्या एका गटातल्या ताईने त्याच वर्षी गटाच्या अंतर्गत कर्जातून २२ हजारांचा फोटो प्रिंटर घेतला होता. चार बाय सहा इंचाच्या एका शीटवर साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचे आठ फोटो बसतात. चाळीतल्या बायकांची रांग तिच्या जिन्यापर्यंत. कर्जाचे हप्ते त्याच महिन्यात सगळे फिटतील असा तिचा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दिवा लागला.

घरचे काय म्हणाले ते तुम्हीच ओळखा. "तुला सांगितलं होतं, मशीनच्या नादाला लागू नको." दिराने प्रिंटर स्कूटरवर घालून एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथून उत्तर आलं: हेड बदलावं लागेल, साडेनऊ हजार. गटाच्या बैठकीत दोघी-तिघी म्हणाल्या, दुरुस्तीला अजून कर्ज देऊन टाका. एक म्हणाली, विकून टाका. त्या ताईचं मत काय, ते कुणी विचारलंच नव्हतं. आणि ते यंत्र रोज दहा तास ऐकणारी बाई तीच होती.

मी तिला एवढंच विचारलं, थांबतो तेव्हा तू काय छापत असतेस, आणि त्याच्या आधी आवाज कसला येतो? ती लगेच म्हणाली, "साध्या कागदावर कधीच थांबत नाही. फोटोच्या कागदावर थांबतो. आणि थांबायच्या आधी खर्र असा आवाज येतो, डावीकडून." म्हणजे अर्धं निदान तिच्याकडे होतंच. हेड खरोखर गेलं असतं तर साध्या कागदावरही रेघा आल्या असत्या, रंग गळाले असते, किंवा यंत्र सुरूच झालं नसतं. तसं काहीच नव्हतं.

आता हे पुढे कळायला प्रिंटरच्या पोटात काय चालतं ते थोडं बघूया. घाबरू नका, आपल्या स्वयंपाकघरापेक्षा वेगळं काही नाही तिथे.

शाईचे थेंब कागदावर दोन तऱ्हांनी उडवतात. पहिली तऱ्हा उष्णतेची. बारीक भोकामागे एक इवलासा तापणारा तुकडा असतो. तो क्षणात इतका तापतो की त्याच्यावरच्या शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा पुढची शाई भोकातून ढकलतो. भातावरचं झाकण वाफेने थडथडतं, तसलंच. जपानमध्ये कॅनन कंपनीत १९७७ साली एका संशोधकाचा गरम सोल्डरिंगचा डाग शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागला आणि शाई उडाली, त्यावरून ही कल्पना निघाली असं कंपनी सांगते. दुसरी तऱ्हा स्फटिकाची. आपला गॅसचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते ना, त्यात एक स्फटिक असतो. त्याला दाबलं की वीज तयार होते. प्रिंटरमध्ये हेच उलटं चालतं: स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाई पिचकारीसारखी बाहेर येते. एप्सनचे प्रिंटर या तऱ्हेचे. फोटोच्या प्रिंटरमधला सगळ्यात लहान थेंब दीड पिकोलीटरपर्यंत बारीक असतो. एक पिकोलीटर म्हणजे लीटरचा लाख कोटीवा भाग. पुरणयंत्राच्या जाळीत सालपट अडकलं तर आपण काडीने काढतो, इथे काडी चालत नाही, एवढं त्यावरून ध्यानात घ्या.

हा फरक पैशाच्या हिशोबाला लागतो. उष्णतेच्या बऱ्याच घरगुती यंत्रांत हेड काढता-घालता येतं, ते वेगळं मिळतं आणि घरच्या घरी बदलता येतं. स्फटिकाचं हेड यंत्रात पक्कं बसवलेलं असतं, टिकतं जास्त, पण बदलायचं झालं तर महाग पडतं. प्रिंटर घेतानाच विचारून ठेवा की आपला कुठल्या तऱ्हेचा.

थेंब उडवणारं हे हेड एका गाड्यात बसतं. मेकॅनिक त्याला कॅरेज म्हणतात. गाडा दांडीवरून डावीकडे-उजवीकडे धावतो, पट्टा त्याला ओढतो. काम नसताना तो उजवीकडे जाऊन एका रबरी टोपीवर बसतो, म्हणजे भोकं वाळत नाहीत. आणि गाडा आत्ता नेमका कुठे आहे हे यंत्राला कसं कळतं? गाड्याच्या मागे एक पारदर्शक प्लॅस्टिकची अरुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून लावलेली असते. तिच्यावर डोळ्याला नीट दिसतही नाहीत इतक्या बारीक उभ्या रेघा असतात. गाड्यावरचा छोटा डोळा धावता धावता त्या रेघा मोजतो. शिंपिणीने टेप बघत कापड मोजावं, तसं. आता त्या टेपवर शाईचा डाग पडला तर? डोळ्याची मोजणी चुकते, यंत्राला वाटतं गाडा अडकला, आणि ते सगळं बंद करून दिवा लावतं. गाडा चांगला, हेड चांगलं, बोर्ड चांगला, फक्त पट्टी मळलेली.

म्हणून प्रिंटर अडला की मी आधी कान लावायला सांगते. संगणकाची वायर काढून ठेवा, मोबाइलचा वायफायही तोडा आणि नुसता प्रिंटर चालू करा. तरीही दिवा लागला तर दुखणं यंत्रात आहे. नाही लागला, आणि यंत्राच्याच बटणाने नोझल चेकचं पान नीट निघालं, तर वायर, संगणकातलं सॉफ्टवेअर किंवा कागदाची सेटिंग बघा. त्यासाठी दुरुस्तीवाला नको, भाचाही चालेल. चालू केल्यावर गाडा एकदा डावीकडे जाऊन उजवीकडे परत येतो. तो जागचा हललाच नाही, अर्ध्यात थांबला, की टोकाला जाऊन धाडकन आपटला? अर्ध्यात एकाच जागी थांबतो तर तिथे काहीतरी अडकलंय किंवा पट्टीवर तिथेच डाग आहे. टोकाला आपटतो तर पट्टी पूर्ण मळलीय किंवा तिच्या हुकातून निसटलीय. गाडा व्यवस्थित जाऊन येतो आणि मग कागद ओढताना अडतो, तर गाड्याला दोष देऊ नका, रोलर बघा. आणि गाडा हलतच नाही, चालू केल्याबरोबर दिवा, असं असेल तर हेडमधली किंवा बोर्डमधली वीज बघायला हवी. ते काम आपलं नाही.

पडद्यावर किंवा संगणकावर आकडा येतो, तोही लिहून घ्या. कॅननच्या बऱ्याच यंत्रांवर ५१०० म्हणजे गाड्याची हालचाल, ५बी०० म्हणजे वाया गेलेली शाई पिणारा स्पंज भरला, बी२०० म्हणजे हेडची वीज किंवा तापमान. पडदा नसलेल्या यंत्रात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं आणि यंत्राबरोबरच्या पुस्तकात बघायचं. पण आकडा कुठे दुखतंय तेवढं सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. पोटात दुखतंय असं पोर सांगतं, काय खाल्लं ते आपल्यालाच विचारावं लागतं.

तर कोळसेवाडीत आम्ही प्रिंटरची पिन भिंतीवरून काढली, दहा मिनिटं थांबलो, झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला. आत कागदाचा कपटा नाही, काही नाही. (नेतिवलीला एका यंत्रातून खोडरबराचा तुकडा निघाला होता, आणि टिकल्या तर कितीतरी. भुवयांचा प्लकर त्यासाठी उत्तम. पण प्रिंटर उलटा करून झटकू नका, टाकीतली शाई सगळी आत सांडेल.) पट्टीवर मात्र डावीकडे गुलाबी-निळा धुरकट थर होता. जुनं मऊ मलमल, पिण्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, दोन बोटांत पट्टी हलकेच धरून एका दिशेने पुसली. मग कोरड्या कापडाने. नेलपेंट रिमूव्हर नको, थिनर नको, रेघाच पुसल्या जातील. दांडीवरचं ग्रीस बोटाला लागून पट्टीवर जाऊ देऊ नका. पट्टी ओढायची नाही, एका टोकाला बारीक स्प्रिंग असते, ती सुटली की परत लावताना डोळ्यांत पाणी येतं.

प्रिंटर चालू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि नवव्या दिवशी पुन्हा तोच दिवा.

इथेच बहुतेक जणी हरतात. दुरुस्ती केली, ती टिकली नाही, म्हणजे यंत्रच वाईट, असं वाटतं. खरं तर तोच बिघाड परत आला म्हणजे आपण डाग पुसला, पण डाग पडतो कशाने ते अजून शोधायचंय. पट्टी आपोआप मळत नाही. मग त्या ताईच्या सातवीतल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवायला घेतली. तारीख, वेळ, कुठला कागद, कितवं शीट, काय सेटिंग, बाहेर पाऊस होता का, वीज गेली होती का. पाच दिवसांत पान भरलं आणि त्यावरून दोन गोष्टी दिसल्या.

एक, दिवा सकाळी पहिल्या शीटला लागे, किंवा नवीन पाकीट फोडून दोन-तीन दिवस झाले की लागे. फोटोचा कागद एका बाजूने लेप दिलेला असतो. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तो दमट होतो आणि कडा वर उचलतो, तळहातासारखा वाकतो. हेड आणि कागद यांच्यात अंतर किती, तर मिलिमीटरभर. वर आलेल्या कडेला धावता गाडा अडतो, खर्र आवाज येतो, गाडा थांबतो. तोच तो आवाज, जो तिने पहिल्या दिवशी सांगितला होता.

दोन, ती आठ फोटोंचं शीटही कडेपर्यंत, म्हणजे बॉर्डरलेस सेटिंगवर छापत होती. दुकानात तशीच सेटिंग करून दिली होती. बॉर्डरलेस छापताना कड कोरी राहू नये म्हणून यंत्र मुद्दाम कागदाच्या बाहेरही थोडी शाई उडवतं. ती खालच्या स्पंजात जाते, पण तिचा बारीक तुषार आत उडत राहतो आणि पट्टीवर बसतो. दिवसाला ५०-६० शीट, सगळी बॉर्डरलेस, म्हणजे आठवड्याभरात पट्टी मळणारच. पासपोर्ट फोटो तर आपण कात्रीने कापतो! कडेपर्यंत शाई हवी कशाला?

उपाय फुकटचे निघाले. बॉर्डर ठेवायची सेटिंग. काही यंत्रांत जाड कागदासाठी वेगळी सेटिंग असते, ती लावली की हेड थोडं वर राहतं, ती लावली. कागदाचं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, पापड ठेवतो तशा, सोबत औषधाच्या बाटलीत किंवा चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. लागतील तेवढीच शीट बाहेर काढायची. शीट वाकलं असेल तर टेबलावर ठेवून बघायचं, आणि उलट्या बाजूला हलकेच वाकवून सरळ करायचं. पाऊस असेल तेव्हा ट्रेमध्ये एकावेळी दोन-चारच शीट. आणि महिन्यातून एकदा पट्टी पुसायची. कारण सापडल्यावर तेच दुखणं गेलं. साडेनऊ हजार वाचले, हप्ता थांबला नाही.

प्रत्येक वेळी इतकं स्वस्तात सुटतं असं मी म्हणणार नाही. बाकीच्या दुखण्यांबद्दल थोडक्यात सांगते.

रोलरचं सोपं आहे. कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत होतो. ओलसर कापडाने पुसला, बोटाने फिरवत सगळीकडून, की बहुतेक वेळा पुन्हा धरायला लागतो.

विजेचं मात्र नीट ऐका. रात्री झोपताना पुष्कळ घरांत भिंतीवरचं बटण बंद करतात, काटकसर म्हणून. प्रिंटर आधी स्वतःच्या बटणाने बंद करा, गाडा टोपीवर जाऊन बसल्याचा आवाज येऊ दे, मगच भिंतीवरचं बटण. नाहीतर हेड उघडं राहतं, शाई वाळते, मग आपण क्लिनिंग करत बसतो आणि शाई वाया घालवतो. छापता छापता वीज गेली, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती जातेच, तर आल्याबरोबर प्रिंटर एकदा चालू करून गाडा जागेवर बसू द्या. फोटो प्रिंटर छापतानाही १०-२० वॉट एवढीच वीज घेतो, त्यामुळे संगणकाच्या छोट्या यूपीएसवर तो आरामात चालतो. मिक्सर आणि फ्रीजच्या शेजारच्या मल्टिप्लगवर तो ठेवू नका, आणि घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. जुन्या चाळींत बऱ्याचदा नसतं.

क्लिनिंगवरून आठवलं. हेड क्लिनिंग दोनदा-तीनदा करून रेघा गेल्या नाहीत तर थांबा. रात्रभर तसंच ठेवा, वाळलेली शाई भिजून सुटते, सकाळी पुन्हा बघा. लागोपाठ दहा वेळा क्लिनिंग करणं म्हणजे शाई गटारात ओतणं. ती गटारातही जात नाही, यंत्राच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या स्पंजात जाते. हा स्पंज किती भरला हे यंत्र बघत नाही, ते नुसतं मोजतं: इतक्या क्लिनिंग झाल्या, म्हणजे इतकी शाई गेली. आकडा पुरा झाला की यंत्र अडून बसतं, आणि हा दिवा कितीही बंद-चालू केलं तरी जात नाही. काही नव्या यंत्रांत हा स्पंज डब्यात येतो आणि चार स्क्रू काढून स्वतः बदलता येतो. जुन्यांत मेकॅनिक लागतो. इथे एक गोष्ट नक्की विचारा: "दादा, पॅड बदलला की फक्त काउंटर शून्य केला?" पेनड्राइव्हवरून आकडा शून्यावर आणायला दोन मिनिटं लागतात आणि स्पंज तसाच भरलेला राहतो. चार महिन्यांनी काळी शाई खालून टेबलावर, टेबलावरून सतरंजीवर. जुना पॅड हातात मागून घ्या. घाण असतो, पण मागाच.

आणि हेड खरंच बिघडलं असेल तर? भोकं बुजणं वेगळं आणि हेडमधली वीज बिघडणं वेगळं. सिरिंजने पाणी मारून हेड धुण्याचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने आहेत. त्यात एक सांगत नाहीत की ते पाणी हेडच्या चपट्या वायरपर्यंत गेलं, आणि आपण ओलं असतानाच बटण दाबलं, तर हेड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात. कुणी धुतलंच असेल तर पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, वीज लावू नका. दुसरी गोष्ट, विजेचा दोष आहे असं वाटत असताना शेजारणीच्या प्रिंटरचं हेड आणून लावून बघू नका. बिघडलेला बोर्ड चांगलं हेड जाळतो, बिघडलेलं हेड चांगला बोर्ड जाळतं. मग दोघींची यंत्रं बंद आणि दोघींचं बोलणंही बंद. चालू केल्याबरोबर दिवा लागत असेल तर वीस वेळा बटण दाबण्यापेक्षा पिन काढून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

मेकॅनिककडे जाताना ती जाईल जी यंत्र चालवते. सोबत दीर, नवरा, भाऊ कुणीही असू दे, बोलणं तिने करायचं. नोंदीचं पान पुढे ठेवायचं. मी असं पाहिलंय की पान समोर आलं की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. चांगल्या मेकॅनिकला अशी नोंद आवडते, त्याचं अर्धं काम होतं. अंदाजपत्रक कागदावर मागा, त्यात कुठला भाग, त्याची किंमत, मजुरी आणि दुरुस्तीची मुदत वेगवेगळी हवी. बदललेला जुना भाग परत हवा. आमच्या वस्तीस्तर संघात आम्ही ठरवलंय की दुरुस्ती नव्या यंत्राच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर गट लगेच हो म्हणतो. त्याच्या वर गेली तर दुसऱ्या मेकॅनिकचं मत घेतल्याशिवाय कर्ज नाही. अर्ध्याच्या वर गेली तर नव्याचा विचार. हा काही सरकारी नियम नाही, तुम्ही तुमचा आकडा ठरवा. पण ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे ऐन घाईच्या दिवसात एकीवर सगळ्या जणी तुटून पडत नाहीत.

यंत्र वॉरंटीत असेल तर आधी कुठलाही स्क्रू काढू नका. वॉरंटी बहुतेक वेळा एक वर्ष किंवा अमुक इतकी पानं, यातलं जे आधी, अशी असते. पानं किती झाली ते यंत्र मोजतं. बिल आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकून ठेवा, कागदी बिलाची शाई वर्षात उडते.

"तुम्ही धंद्याला वापरता, मग तुम्ही ग्राहक नाही," असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ते पुरतं खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात स्पष्ट आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली धरत नाहीत. आपल्या ताया त्यात बसतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, तो फुकट आहे. त्यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. नोंदीचं ते वहीचं पान तिथेही जोडा.

शेवटी यंत्र खरंच संपलं तर भंगारवाल्याला तसंच देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिज दोन्ही येतात, आणि जुनी यंत्रं नीट मोडीत निघतील हे बघण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारलं तर जवळचं जमा केंद्र सांगतात. टाकीत उरलेली शाई बाटलीत काढून घ्या, झाकण घट्ट लावा. तोच नमुना दुसऱ्या गटाकडे असेल तर ती शाई त्यांना चालेल. कागदाचा ट्रे, वीज-वायर आणि यूएसबी वायरही काढून ठेवा, त्या लागतात. वस्तीस्तर संघाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या प्रिंटरचा नमुना क्रमांक लिहून आणा, कुणाकडे कुठलं यंत्र आहे त्याची यादी करायची आहे.